वाघोटण खाडीचा वारसा: प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

खाडीकाठचा वारसा गावातल्या लोकांबरोबर नोंदवायच्या आमच्या प्रकल्पाची पहिली बैठक विजयदुर्गच्या बंदरावर झाली. हवा बिघडलेली असल्यामुळे बऱ्याच होड्या किनाऱ्यालाच होत्या, म्हणून माणसं भेटली. गाबीत वाडीतले तांडेल (होडीचे प्रमुख), मोहल्ल्यातले दोन जुने खलाशी, शाळेतल्या बाई आणि मासळी विकणाऱ्या काहीजणी. कॉलेजची मुलं मागे उभी होती.

११ जुलैला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे. मी त्यावरूनच सुरुवात केली, पण लोकांचा पहिला प्रश्न वेगळा होता. यादीत नाव आलं म्हणजे घराच्या दुरुस्तीला आता कोणाकोणाची परवानगी लागणार? सुकी मासळी घालायची खळी हटवणार का? किल्ला आधीपासूनच संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. वारसा ही गोष्ट या लोकांपर्यंत आजवर बहुतेक वेळा नोटिशीच्या रूपात आलेली आहे. तटाखाली ज्यांच्या होड्या लागतात त्यांना ती स्वतःची वाटावी, असं आपण काय केलं?

एका वयस्क तांडेलकाकांनी थेट विचारलं, "ह्याच्या आधी पण लोक इले. टेप लावल्यानी, फोटो काढल्यानी. मग ता खय गेला?" आधी येऊन गेलेल्या अभ्यासकांनी या गावात काय मिळवलं, ते गावाला कधीच परत दिसलं नाही. त्यामुळे आजच तीन गोष्टी ठरवल्या. जे नोंदवू ते आधी गावात वाचून दाखवायचं. ध्वनिमुद्रणाची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यायची. आणि कोणी "हे लिहू नका" म्हटलं, तर ते लिहायचं नाही.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली, पाऊस अजून हटत नाही. गट पाडले: खाडी आणि गोदी, मासेमारीच्या जागा, घरं आणि माल, होड्या बांधणारे. प्रत्येक गटात गावातला एक जाणता माणूस आणि दोन मुलं. प्रश्न गटानेच काढायचे. मी छापील प्रश्नावली नेली नाही.

खाडीच्या पलीकडचा तीर रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात येतो. कागदावर दोन जिल्हे असले, तरी नातीगोती, मासळीचा बाजार आणि जत्रा दोन्हीकडच्या एकच. पलीकडच्या वाड्यांतूनही माणसं घेतल्याशिवाय ही नोंद अर्धीच राहील. खाडी ओलांडणाऱ्या तरीवर निरोप पाठवला आहे.

६ नोव्हेंबर

काल त्रिपुरारी पौर्णिमा झाली, त्यामुळे आज उधाणाची ओहोटी. संध्याकाळी पाणी पार उतरतं. ती वेळ साधून गिर्ये गावाकडे गोदी बघायला गेलो.

किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत, खाडीच्या एका फाट्यावर जांभा तासून केलेली ही आरमारी गोदी. जुन्या नोंदींत तिची लांबी ३५५ फूट आणि रुंदी २२७ फूट दिलेली आहे. आज तळाशी गाळ आहे, कडेने खारफुटी वाढली आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला हा नुसता खाजणाचा तुकडा वाटतो. पण बरोबर आलेले काका काठावर उभे राहिले आणि त्यांनी मुलांना पाण्याचं गणित सांगितलं. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं. ओहोटी लागली की ते टेकूंवर बसतं आणि बूड उघडं पडतं. मग शेवाळ आणि कालवं खरवडायची, सडकी फळी बदलायची, भेगांत कापूस ठोकायचा, तेल नि डांबर द्यायचं. पुढच्या उधाणाला जहाज आपोआप तरंगतं. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी तितकं चढत नाही, म्हणून कामाला निवांत वेळ मिळतो.

इतिहासाच्या पुस्तकात "येथे जहाजांची दुरुस्ती होत असे" असं एक वाक्य असतं. त्या वाक्यात भरतीचं हे वेळापत्रक नसतं. काकांना ते ठाऊक आहे, कारण स्वतःची होडी ते अजून याच पद्धतीने, याच खाडीत कोरडी घेतात. गोदीचा अभ्यास करायला यावं आणि हे ज्ञान टिपून न घेता परत जावं, याला मी तरी संशोधन म्हणणार नाही.

मुलांनी फीत लावून काठाची मापं घेतली. गाळामुळे दक्षिणेकडची कड सापडत नव्हती. काकांनी काठीने चाचपून दिली.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर लिहितो.

मासेमारीच्या जागांचा गट शाळेच्या व्हरांड्यात बसला. एका तांडेलकाकांनी खडूने फरशीवर खाडीचं तोंड काढलं, मग किल्ला, मग पलीकडचा डोंगर. नंतर आम्ही त्यांना जाळं कुठे अडकतं ते विचारलं. ते म्हणाले, असं बोट दाखवून सांगता येत नाही, खुणा लावून सांगावं लागतं. आणि त्यांनी लावून दाखवल्या.

समुद्रात जागा ठरवायला दोन रेषा लागतात. जवळची एक खूण आणि लांबची एक खूण एकमेकींच्या मागे आली की ती पहिली रेषा. उदाहरणार्थ, बुरुजाची एक कड आणि मागच्या सड्यावरचं झाड. होडी त्या रेषेवर ठेवून चालवत राहायचं. दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा एकमेकींवर आल्या की थांबायचं. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा. मग खात्रीसाठी दोरीला शिशाचं वजन बांधून किती वाव (खोलीचं माप) पाणी आहे ते बघायचं. शिशाच्या तळाला साबण किंवा चरबी लावली, तर तळाची वाळू की चिखल ते चिकटून वर येतं. काहीच चिकटलं नाही आणि शिशावर ओरखडा उठला, तर खाली खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक.

मुलांनी मोबाइलवरचा नकाशा उघडला आणि काकांनी सांगितलेल्या खुणांच्या रेषा त्यावर ओढल्या. रेषा जिथे मिळाल्या तिथे नकाशात फक्त निळं पाणी होतं. काका म्हणाले, "हय जाळा टाकूचा नाय, ह्या आमका बापाशीन शिकवल्यान."

त्यांच्या एका रेषेची मागची खूण असलेलं जुनं झाड मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलं. चार दिवस तिथे जाळी फाटली, असं ते म्हणाले. आता त्याच रेषेवर बऱ्यापैकी बसणारा मोबाइलचा टॉवर धरतात. ही पद्धत जिवंत आहे, ती जुन्या काळातली गंमत म्हणून आम्ही नोंदवत नाही. तरुण तांडेल जीपीएस वापरतात, पण त्यात बिंदू कुठे ठेवायचा ते वडिलांच्या खुणांवरूनच घेतात.

हे सगळं कशासाठी? विजयदुर्गजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणबुडे उतरवून नोंदवलं आणि १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलं. लांबी सुमारे १२२ मीटर, उंची ३ मीटर, रुंदी ७ मीटर. त्या शोधाचं मोल मोठं आहे. पण समुद्राच्या तळाशी काही वेगळं आहे, हे इथल्या माणसांना जाळ्याच्या दोरीतून पिढ्यान्‌पिढ्या समजत आलं आहे. फाटलेलं जाळं हा समुद्रतळाचा अहवालच आहे आणि तो कोणी मागितलेला नाही. सगळ्या खडपांखाली भिंती किंवा जहाजं नसणार, बहुतेक नैसर्गिक खडकच असतील. तरी संशोधकांची नाव उद्या इथे आली, तर तिने आधी या व्हरांड्यात बसावं.

२३ नोव्हेंबर

मागच्या रविवारच्या नकाशावरून वाद झाला, आणि तो योग्य होता.

जाळं अडकतं तिथे मासळीही असते. खडपाच्या आसऱ्याला मासा राहतो. म्हणजे आम्ही काढलेला नकाशा हा मासेमारीच्या घरोघरी जपलेल्या जागांचाही नकाशा झाला. तो बाहेर गेला, तर उद्या परजिल्ह्यातल्या ट्रॉलरनी तिथेच जाळं ओढलं, तर? पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौका यांची भांडणं या किनाऱ्याला नवीन नाहीत. मागच्या रविवारी फरशीवर नकाशा काढणारेच म्हणाले, "तुमी लिवा, पण जागो खय ता कोणाक सांगू नकात."

दुसरा धोका वस्तू शोधणाऱ्यांचा. तळाशी काही आहे असा बोभाटा झाला, की हौशी लोक पाण्यात उतरतात.

ठरलं ते असं. अक्षांश-रेखांश असलेली वही एकच, ती मच्छीमारांच्या ताब्यात. शाळेतल्या आणि ग्रामपंचायतीतल्या प्रतींत जागांची वर्णनं असतील, पण खुणा नाहीत. बाहेर द्यायच्या नोंदीत फक्त पद्धत असेल. एखाद्या संशोधन संस्थेला खरी जागा हवी असेल, तर तिने पत्र द्यायचं आणि त्या जागेच्या तांडेलांना होडीत घेऊनच जायचं, त्यांच्या दिवसाची मजुरी देऊन.

माझ्याकडच्या लॅपटॉपमधली फाइल मी सगळ्यांसमोर पुसली. या नोंदींतही म्हणून एकाही खडपाचं नाव येणार नाही.

७ डिसेंबर

घरं आणि माल. हा गट सगळ्यात पुढे गेला आहे, कारण तो शाळेतल्या मुलांच्या हातात आहे.

मुलांना काम दिलं होतं ते साधं: घरामागे पडलेली जुनी मंगलोरी कौलं उलटी करून बघा. कौलाच्या खालच्या बाजूला कारखान्याचा ठसा असतो. मुलं ठशांवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेऊन आली. बाझल मिशन, अल्बुकर्क, आणखी काही पुसट. मंगळूरला बाझल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला आणि अल्बुकर्कचा त्यानंतर तीन वर्षांनी. तिथली कौलं शिडाच्या गलबतांतून, फत्तेमाऱ्यांतून वर कोकणात आणि मुंबईपर्यंत यायची. रस्ते नव्हते तेव्हा या खाडीकाठच्या घराचं छप्पर समुद्रातून येत होतं.

एका मुलीची पणजी हे ऐकत बसली होती. ती म्हणाली, कौलं होडीतून उतरवायला बायकाच असायच्या. शेकड्यावर मजुरी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, वरून माणूस द्यायचा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कौलं. फुटलेल्या कौलाचे पैसे कापून घेत. परत जाताना त्याच गलबतात काय भरायचे, तेही तिने सांगितलं: सुकी मासळी, नारळ, काथ्या. आंब्याच्या पेट्या मात्र मुंबईच्या बोटीला. तिच्या बोलण्यात आरमार, तोफा, सरदार काहीच नव्हतं. बंदर म्हणजे काय, ते मला तिच्याकडून जितकं समजलं तितकं कुठल्याच बखरीतून समजलं नव्हतं.

बायकांच्या तोंडच्या या नोंदी वेगळ्या गटात टाकायच्या नाहीत, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं. बंदराच्या मुख्य नोंदीत त्या पहिल्या पानावर येतील. मला हे पटलं.

२१ डिसेंबर

होड्या बांधणारे. आता काम फायबरचं, लाकडी होडी क्वचित. सुतारकाकांकडे नकाशा नाही, माप डोक्यात. आधी पठाण (तळाचं मुख्य लाकूड) बसवायचं, मग नाळ (पुढचं टोक) उभी करायची, मग वांक (फासळ्या). साग महाग झाला म्हणून आईन नि फणस. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्यांनी हातभर लांबीची लाकडी होडी शाळेसाठी करून द्यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक टप्प्याचं चित्रीकरण मुलं करतील. मानधनासाठी पैसे बाजूला काढले.

४ जानेवारी २०२६

काल पौष पौर्णिमा. मोठं उधाण, त्यामुळे संध्याकाळची ओहोटीही लांबवर गेली. किनारा चालायला निघालो. दोन्ही तीरांवरचे गट एकाच वेळी चालत होते, पलीकडचे फोनवरून सांगत होते. खापऱ्या पुष्कळ मिळाल्या. उचलायच्या नाहीत, फोटो काढून तिथेच ठेवायच्या, हा नियम मुलांनी आमच्यापेक्षा कडक पाळला.

मोठी गोष्ट किनाऱ्यावर नव्हती. पाणी प्यायला एका घरी थांबलो. विहिरीच्या कठड्याला लागून कपडे आपटायचा एक लांब दगड होता. बाकीचे दगड जांभ्याचे, हा काळा आणि घट्ट. एका बाजूला निमुळता. त्याच्या टोकाजवळ एक गोल भोक आरपार. मुलांनी साबणाची शेवाळ घासली, तेव्हा खालच्या जाड भागात एकापाठोपाठ एक दोन चौकोनी भोकं दिसली. एक समोरून मागे आणि दुसरं डावीकडून उजवीकडे, म्हणजे एकमेकांशी काटकोनात.

हा दगडी नांगराचा घाट आहे. वरच्या गोल भोकात दोर ओवायचा. खालच्या दोन चौकोनी भोकांत लाकडी दांडके आडवे बसवायचे. नांगर कसाही पडला, तरी एक ना एक दांडका चिखलात रुततो. अरबी समुद्रावर फिरणाऱ्या गलबतांचे या घडणीचे दगडी नांगर गुजरातपासून केरळपर्यंत मिळालेले आहेत, आणि विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गातल्याही अशा नांगरांचा अभ्यास झालेला आहे. लोखंडी नांगर सर्रास होण्याच्या आधीचा तो काळ. असे दगड नंतर बाकाला, उंबऱ्याला, खुंट्याला वापरले जातात, हेही अभ्यासकांनी लिहिलेलं आहे. इथे तो धुण्याचा दगड झाला होता.

घरच्या आजींनी विचारलं, "म्हणजे आता ह्यो नेतलास काय?" आम्ही सांगितलं, आम्ही काहीच नेणार नाही. मग त्यांनीच मुलांना माप घ्यायला फीत धरून दिली. दगड कुठून आला, तर त्यांच्या सासऱ्यांनी जुन्या धक्क्याजवळून गाडीत घालून आणला होता. त्या जुन्या धक्क्याची जागा त्यांनी हात करून दाखवली. नांगराच्या मापापेक्षा ही माहिती कमी महत्त्वाची नाही. दगड कुठे पडला होता हे कळल्यावरच गलबतं कुठे थांबत होती याचा माग लागतो.

११ जानेवारी

नांगराच्या दगडाचं काय करायचं यावर त्याच घरच्या अंगणात बसलो. शंभर वर्षांहून जुनी घडीव वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, परवान्याशिवाय तिच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही आणि ती परदेशी पाठवता येत नाही, हे घरच्यांना नीट सांगितलं. घाबरायचं कारण नाही, हेही सांगितलं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला माहिती द्यायचं पत्र घरच्यांच्याच सहीने जाणार, मसुदा मुलांनी केला. दगड अंगणातच राहील. आजींनी धुण्यासाठी दुसरा दगड आणवला.

काहीजणांचं म्हणणं होतं की तो किल्ल्याजवळ चौथऱ्यावर ठेवावा. माझं मत वेगळं आहे. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारात वस्तू मूळ जागी जतन करणं हा पहिला पर्याय मानला आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नसली तरी हे तत्त्व शहाणपणाचं आहे. हा दगड मूळ जागी नाही हे खरं, पण आज तो त्याची गोष्ट सांगू शकणाऱ्या माणसांच्या घरी आहे. चौथऱ्यावर गेला की गोष्ट पाटीवरच्या दोन ओळींएवढी होईल. निर्णय घरच्यांचा होता आणि त्यांनी ठेवायचं ठरवलं.

२६ जानेवारी

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर आमचा विषय आला. वहीच्या प्रतींबद्दलचा ठराव मांडला तो मासळी विकणाऱ्या एका मावशींनी. गोदीच्या परिसरात कचरा टाकू नये, असा जोडठराव गिर्येच्या माणसांनी आणायचं कबूल केलं. खारफुटी तोडून गोदी "साफ" करावी, अशीही सूचना आली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती काठाची माती धरून ठेवते. हे मला बोलावं लागलं नाही, मागे उभ्या असलेल्या एका मुलानेच सांगितलं.

१२ फेब्रुवारी

१७५६ मध्ये ज्या दिवशी या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं, त्याला आज २७० वर्षं झाली. कॉलेजच्या मुलांबरोबर बसून तो दिवस वाचला.

नानासाहेब पेशवे आणि इंग्रज एका बाजूला, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल तुळाजी आंग्रे दुसऱ्या बाजूला. आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला होता. अॅडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं, जमिनीवरच्या फौजेबरोबर क्लाइव्ह होता. इंग्रज या जागेला घेरिया म्हणत. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. आंग्रे यांनी पूर्वी पकडलेल्या रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती एकमेकांना लागून उभ्या असलेल्या सगळ्या आरमाराला लागली. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला आणि पुढे धुळप घराण्याच्या हाताखालचं पेशव्यांचं आरमार इथूनच चाललं. ८ एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं रेंजर जहाज पाडाव केलं, ते याच बंदरातून निघालेल्या गलबतांनी.

मुलांना त्रास झाला तो पेशव्यांच्या भूमिकेचा. "आपलंच आरमार आपणच जाळायला लावलं?" असं एकजण म्हणाला. घाईने उत्तर देऊन हा प्रश्न मिटवू नये, असं मला वाटलं. एका खलाशी चाचांनी वेगळंच विचारलं: त्या जहाजांवर माणसं कोण होती? गाबीत, भंडारी, खारवी, दालदी, कोळी. सरदार कोणीही असो, शीड ओढणारे, सुकाणूवर बसणारे आणि आगीतून उडी टाकून पोहत तीराला लागणारे याच वाड्यांतले. त्यांची नावं कुठल्या कागदात नाहीत. म्हणून मुलांनी ठरवलं आहे की प्रदर्शनात लढाईच्या फलकावर सेनापतींच्या नावांखाली जहाजावरची कामं लिहायची, आणि प्रत्येक कामापुढे आज ते काम कोणत्या वाडीत कोण जाणतं ते.

प्रदर्शन या रविवारी नाही. महाशिवरात्र आहे, सगळा तालुका कुणकेश्वरच्या यात्रेला असेल.

२२ फेब्रुवारी

प्रदर्शन धक्क्यावर झालं. फलक जाळी वाळत घालायच्या बांबूंना बांधले. कौलांच्या ठशांचे छाप, गोदीची मापं, दगडी नांगराचा मुलांनी मातीत केलेला नमुना, सुतारकाकांची अर्धी झालेली होडी. ती मुद्दाम अर्धीच आणली, म्हणजे वांक दिसतात.

बोलत होते ते गावातले लोक. खुणांची पद्धत एका तरुण तांडेलाने उभं राहून, हाताचे दोन अंगठे एकामागे एक धरून दाखवली. खोट्या खुणा घेतल्या होत्या, हे फक्त गावकऱ्यांना माहीत. किल्ला बघायला आलेले मिरजेचे काही पर्यटक तासभर तिथेच रेंगाळले. कौलं उतरवणाऱ्या पणजीबाईंचं बोलणं स्पीकरवर लावलं होतं, त्या स्वतः शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या आणि मधेच थांबवून दुरुस्त्या करत होत्या. पलीकडच्या तीरावरून तरीने बरीच माणसं आली. त्यांनी सांगितलं की जुन्या धक्क्याचे दगड त्यांच्याही बाजूला आहेत, पण आम्ही ओहोटीला जिथे शोधलं त्याच्या बरंच वर.

वरिष्ठ खात्यातून कोणी यावं अशी अपेक्षा होती, आलं नाही. निमंत्रण पुन्हा पाठवू.

१ मार्च

वह्या पोचल्या. खुणांची वही मच्छीमारांकडे, कुलपात. दुसरी प्रत ग्रामपंचायतीत, तिसरी शाळेत. शाळेतल्या प्रतीत शेवटची पन्नास पानं कोरी सोडली आहेत. नोंद कशी करायची याचा एक कागद वहीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे: कोणी सांगितलं, कधी, कोणत्या वाडीत, आणि बाहेर सांगायला परवानगी आहे की नाही. परवानगीचा रकाना भरल्याशिवाय बाकी काही लिहायचं नाही, हे मुलींनी लाल शाईने लिहिलं.

शिमगा तोंडावर आहे. मुंबईहून चाकरमानी येतील. जुन्या बोटींचे फोटो, तिकिटं, खलाशांची डिस्चार्ज बुकं (जहाजावरच्या नोकरीची नोंदवही), घरी आलेली पत्रं घेऊन या असा निरोप वाडीवाडीच्या मंडळांच्या ग्रुपवर टाकला आहे. ग्रामपंचायतीत स्कॅनर बसवला. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल. जुन्या धक्क्याची पलीकडची बाजू पुढच्या उधाणाला बघायची आहे. ते काम पलीकडचाच गट करेल, आमच्या गटातली दोन मुलं फीत घेऊन जातील.